बोंडांचा बिल्ला

आमच्या धाकटीच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट घरात लागायची तेव्हा मी उठून स्वयंपाकघरात जायचे. चहा ठेवायचा, कांदा चिरायचा, काहीच नसलं तर डबे पुसायचे. घरच्यांना वाटायचं, मोठी असून मागे राहिली, म्हणून हिला धाकटीचं लग्न बघवत नाही. मी वाटू द्यायचे. वरात शाळेच्या फाटकातून बाहेर पडते आणि पुढे बँड चालतो, तेवढाच तुकडा मला बघवत नव्हता. पण ते समजावून सांगत बसण्यापेक्षा कांदा चिरणं सोपं होतं.

मी मागे राहिले ती माझ्या उंचीमुळे. आमच्या गल्लीत विजेच्या खांबाखालोखाल माझाच नंबर. बघायला आलेल्या मुलांच्या आया मला उभं राहायला सांगत आणि उभी राहिले की घाईघाईने बसायला सांगत. शेवटी नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझ्यासाठी थांबणं सोडलं आणि धाकटीचं बघायला घेतलं. मला त्याचं खरोखर फार वाईट वाटलं नाही, कारण तोवर माझं चित्त दुसरीकडे लागलं होतं. ते एका यंत्रात.

जळगावात शाळेच्या गणवेशांचं एक मोठं दुकान होतं. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर केव्हातरी त्या दुकानाच्या शेठने सुरतेहून कॉम्प्युटरवर चालणारं भरतकामाचं यंत्र आणलं. एकाच सुईडोक्याचं, म्हणजे एका वेळी एकच नग भरणारं, पण दुकानाच्या माडीवरची अख्खी खोली त्याने अडवली होती. शाळांच्या खिशांवर लावायचे बिल्ले तोवर बाहेरगावाहून यायचे, ते आता आपल्याच माडीवर होतील असा शेठचा हिशेब होता. त्यासाठी चित्र काढता येणारं माणूस हवं होतं. माझी ड्रॉइंगची परीक्षा झालेली होती, बारावीनंतर मी घरीच होते, आणि नानांची शेठशी कापसाच्या बाजारातली जुनी ओळख होती. मी रोज धरणगाव तालुक्यातल्या आमच्या गावाहून एस.टी.ने जळगावला जाऊ लागले.

यंत्र बसवायला आलेल्या सुरतेच्या माणसाने मला काम शिकवलं. आधी आलेखाच्या कागदावर चित्र मोठं करून काढायचं. मग तो कागद कॉम्प्युटरच्या पाटीवर चिकटवून, हातात धरायच्या एका खटक्याने, चित्राच्या कडेकडेने एकेक बिंदू दाबत जायचं. सुई कुठे खुपसायची, कुठे उचलायची, कुठून कुठे जायचं, सगळं आधी सांगून ठेवायचं. याला पंचिंग म्हणत. ते फ्लॉपीवर उतरवायचं आणि फ्लॉपी यंत्रात घालायची. कमळाचं एक फूल करायला मला पहिल्यांदा आठवडा लागला होता. वर कापडाची खोड निराळीच. टाके पडतात तसं कापड आत ओढलं जातं, म्हणून गोल हवा असेल तर कागदावर तो जरा लांबट काढायचा. हे कळेपर्यंत मी एका शाळेचा सूर्य अंड्यासारखा केला होता, आणि शेठने तो तसाच खपवला.

एका हिवाळ्यात बँडचे मास्तर आले. चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांचं गाव. लग्नसराईत बँड वाजवायचा, एरवी कापूस वेचायला आणि केळीच्या बागांत मजुरीला जायचं, असा त्यांचा आणि त्यांच्या भाऊबंदांचा क्रम होता. पन्नाशीचा माणूस, बारीक, बोलणं हळू. खाली दुकानातल्या नोकराने त्यांना वर पाठवलं, तर ते जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच उभे राहिले. मी आत या म्हटलं तेव्हा चपला काढून आत आले. त्यांच्या पिशवीत लाल रंगाचा एक कोट होता.

बँडचे कोट त्यांनी धुळ्याच्या एका मोठ्या बँडकडून जुने विकत घेतले होते. कोट चांगले होते, जरीचं काम अजून चमकत होतं, पण प्रत्येक कोटाच्या छातीवर त्या धुळ्याच्या बँडचं नाव पिवळ्या धाग्याने थेट कापडावर भरलेलं होतं.

"लोक इचारतस, तुम्ही धुळ्याना का?" मास्तर म्हणाले. "हो म्हनो तं खोटं, नहीं म्हनो तं चोरना कोट वाटस."

मी ते नाव नखाने जरा उचलून पाहिलं. टाके इतके दाट होते की उसवायला गेलं तर खालचं कापडच हातात आलं असतं. त्यावर एकच उपाय होता, वरून बिल्ला लावायचा. जुनं नाव पूर्ण झाकेल एवढा, आणि त्यावर यांच्या बँडचं स्वतःचं नाव. मी माप घेतलं. नाव आडवं होतं, म्हणून बिल्ला लंबगोल ठरला. भोवती काय काढू विचारलं तर मास्तर म्हणाले, कपाशी काढा. मी म्हटलं, मास्तर, बँडवर लोक मोर काढतात, वाघ काढतात. ते म्हणाले, सराई संपली की कपाशीच आम्हाला पोसते, मोर काय पोसतो?

मग मी कपाशीच्या दोन डहाळ्या काढल्या, खालून निघून दोन्ही बाजूंनी वर वळत गेलेल्या. त्यांवर पानं आणि उमललेली बोंडं. खाली, जिथे देठ एकमेकांवर येतात तिथे, मास्तर वाजवायचे ते क्लॅरोनेट आडवं ठेवलं. पहिला नमुना निघाला तो कापड ओढलं गेल्यामुळे ठरल्यापेक्षा लहान झाला. कोटावर ठेवून पाहिला तर डाव्या कडेने धुळ्याच्या नावातलं अर्धं अक्षर डोकावत होतं. मास्तरांनी अंगठ्याने ते अक्षर झाकून धरलं आणि तसेच बघत राहिले. मी सगळं पुन्हा केलं. दुसऱ्या वेळी मध्येच लाइट गेली, यंत्र थांबलं, आणि परत सुरू केलं तेव्हा एका पानात फट पडली. तेही टाकून दिलं. तिसरा नमुना मात्र असा बसला, जणू कोट शिवतानाच तिथे होता.

मी तोवर केलेल्या कामांत हे सर्वांत चांगलं होतं. बोंडं पांढरी, जरा फुगीर, बोट लावून बघावीशी वाटणारी. मास्तर सगळे बिल्ले रुमालात बांधून घेऊन गेले. कोटांवर घरीच शिवून घेणार होते. मी त्यांना बजावलं, कडेने दुहेरी टीप घ्या, नाहीतर नाचताना निघतील. ते म्हणाले, घरवालीला सांगतो, ती एकदा शिवलं की सुटू देत नाही.

त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांत धाकटीचं जमलं. मुलगा धुळ्याकडचा, शिक्षक. व्याही चांगले होते, हुंड्याचं फारसं ताणलं नाही, एवढंच म्हणाले की मानपान नीट व्हायला हवं. आमच्याकडे मानपान म्हणजे टोपी आणि टॉवेल. मुलाकडच्या पुरुषमाणसांना जानवशावर बसवायचं, एकेकाच्या डोक्यावर पांढरी टोपी ठेवायची, हातात टॉवेल द्यायचा, कुंकू लावायचं. कुणाला आधी, कुणाला नंतर, कुणाचा टॉवेल जाड आणि कुणाचा पातळ, यावरून आमच्या भागात सोयरिकी वाकड्या झालेल्या आहेत. मुलाचे फुवा, म्हणजे त्याच्या आत्याचे यजमान, या बाबतीत जरा तिखट आहेत, असं निरोप्याने आधीच कानावर घातलं होतं.

बँड आम्ही लावायचा होता. मी नानांना मास्तरांचा बँड सुचवला. त्यांना काम मिळावं, हा एक विचार. दुसरा विचार मला सांगायलाही लाज वाटते इतका पोरकट होता. माझे बिल्ले माझ्या बहिणीच्या वरातीत मिरवावेत, असं मला वाटत होतं.

आणि टोपीची कल्पनाही माझीच. नुसती पांढरी टोपी सगळेच देतात, आपण टोपीच्या पुढच्या बाजूला छोटा बिल्ला लावून देऊ, असं मी जेवताना बोलून गेले. प्रत्येकाच्या बिल्ल्यावर त्याचं नातं. व्याही, मामा, काका, मावसा, फुवा. आईला ते फारच आवडलं. नानांनी घास हातात धरून माझ्याकडे पाहिलं. लग्न न जमलेल्या मुलीकडे बापाने तसं कौतुकाने बघावं, ही काही रोजची गोष्ट नव्हती. "हाई चांगलं शे," ते म्हणाले. "कोनी नहीं करेल आपला गावमा." त्या एका वाक्यावर मी टोप्याच काय, आकाशसुद्धा भरून दिलं असतं.

पण नवं चित्र करायला वेळ नव्हता. शाळांचा हंगाम तोंडावर, दिवसभर यंत्रावर शेठचं काम. मला यंत्र मिळायचं दुपारी शेठ जेवायला गेला की. नव्या चित्राचं पंचिंग करायचं तर लग्न उरकून बारसं आलं असतं. बोंडांच्या डहाळ्या फ्लॉपीवर तयार होत्या, आणि आपल्या माणसांना आपलं सर्वांत चांगलं काम द्यावं, यात मला काही वावगं दिसलं नाही. मी ते चित्र लहान केलं, टाके विरळ केले, क्लॅरोनेट काढून टाकलं, मध्ये नातं भरलं. पांढऱ्या टोपीवर पांढरी बोंडं दिसणार नाहीत म्हणून ती सोनेरी केली. एवढं केल्यावर मला ते अगदी वेगळं वाटू लागलं. चित्र काढणाऱ्याला आपल्या प्रत्येक रेषेतला फरक दिसतो. बघणाऱ्याला एका नजरेत काय दिसेल, हा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नाही.

लग्न वैशाखातलं, गोरज मुहूर्ताचं. मुलाकडचे लोक दुपारी टेम्पो करून आले, त्यांचा जानवसा गावच्या शाळेत दिला होता. ऊन इतकं की शाळेच्या पत्र्याखाली माणसं पन्हं पिऊन पिऊन घामाने चिंब. नानांनी आणि माझ्या काकांनी टोपी-टॉवेल केलं. टोप्यांचं कौतुक झालं. व्याह्यांनी टोपी काढून पाहिली, बोंडांवरून बोट फिरवलं आणि परत घातली. फुवांनी आपल्या टोपीवर "फुवा" असं सोनेरी अक्षरांत बघितलं आणि त्यांच्या मिशा हलल्या. मी बायकांच्या घोळक्यात मागे उभी होते. उंचीमुळे मला मागूनही सगळं दिसायचं. मला वाटलं, आता नानांना माझी लाज वाटायचं कारण नाही.

मग देवदर्शनाला निघायची वेळ झाली. बँड शाळेच्या पटांगणात आला. मास्तरांनी सगळ्यांना ओळीत उभं केलं, पहिला सूर लावला, आणि मुलाकडची मंडळी वर्गातून बाहेर येऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. एका बाजूला टोप्या, एका बाजूला कोट. सगळ्यांवर कपाशीची बोंडं.

मी ते पाहिलं. तोवर तरी दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पण फाटकापाशी आमच्याच गावची टवाळ पोरं बसली होती, त्यांतला एक ओरडला, "फुवा, तुम्ही काय वाजाडतस?"

सगळी वरात हसली. व्याहीसुद्धा आधी हसले, मग कोटांकडे बघून स्वतःची टोपी चाचपू लागले. फुवांनी टोपी काढली, बिल्ला पाहिला, चालत जाऊन मास्तरांच्या छातीवरचा बिल्ला पाहिला, आणि टोपी नानांच्या हातात दिली.

"हाई काय शे?" ते म्हणाले. आवाज चढवला नाही, त्यामुळे पटांगणात सगळ्यांना ऐकू गेलं. "आमले बँडमा भरती करी लिधं का?"

दोन्हीकडे एकच चित्र आहे, हे नानांना ठाऊकच नव्हतं. ते टोपी हातात उलटीसुलटी करत मला शोधू लागले, आणि मी सापडायला काही अवघड नव्हते. शेकडो माणसांत बापाची नजर माझ्यावर येऊन थांबली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

फुवांनी सांगून टाकलं, हे मिटल्याशिवाय वरात हलणार नाही. मुहूर्त जवळ येत होता. काकांनी म्हटलं, टोप्यांवरचे बिल्ले काढून टाकू. मीही पुढे होऊन म्हटलं, मी काढते, दोन टाक्यांवर आहेत, लगेच निघतील. खरंच ते लगेच निघाले असते. पण फुवांना ते पटलं नाही. त्यांनी बँडच्या कोटांकडे बोट केलं.

"आमना डोकावरनं कसाले काढानं? एकदा दिधं ते दिधं. त्यासनं काढा."

कुणालाही यात काही चूक दिसली नाही. उलट मंडळींना हायसं वाटलं. नानांना तर मी इतकं सुटल्यासारखं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी फुवांपुढे हात जोडले आणि मास्तरांकडे वळून म्हणाले, मास्तर, बिल्ले काढून ठेवा, परत लावून घ्या मग. आणि मला म्हणाले, "जाय, उसवी दे. तुले येस."

मला येत होतं. त्या पटांगणात ते नीट येणारी मी एकटीच होते. आणि त्या बिल्ल्यांखाली काय आहे, हे जाणणारेही मी आणि बँडचे लोक एवढेच होतो. नानांना बाजूला घेऊन सांगावं असं मनात आलं. मी त्यांच्या दंडाला हात लावला, "नाना, त्यांच्या कोटावर..." एवढं म्हटलं. त्यांनी वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "तुना बहीनना लगीन शे," ते हळूच म्हणाले. त्यांचे डोळे भरलेले होते.

मास्तर सगळं ऐकत होते. ते पुढे आले आणि मलाच धीर द्यायच्या सुरात बोलले. "ताई, तुम्हीनच करेल शे, तुम्हलेच म्हाईत कोनता धागा कोठे शे. कोट फाटू देऊ नका, बस."

शाळेच्या मागच्या बाजूला हौदापाशी मी पायरीवर बसले. कुणीतरी न्हाव्याकडून पत्ती आणून दिली. अंगावरच्या कोटाचं उसवायचं तर पुरुषांच्या छातीशी पत्ती धरावी लागली असती, म्हणून मास्तरांनी सगळ्यांना कोट काढून द्यायला सांगितलं. ते कोट माझ्या शेजारी पडले आणि बँडची माणसं बनियनवर उभी राहिली. बनियनं फाटकी होती. कुणाच्या गळ्यात ढोल तसाच. एकाने बनियनचं भोक झाकायला झांजा छातीशी धरल्या. फाटकातली पोरं आता मागे येऊन बघत होती.

मास्तरांच्या घरवालीने दुहेरी टीप घेतली होती, मीच सांगितल्याप्रमाणे. इतके बारीक, इतके जवळ टाके की पत्तीचं टोक शिरेना. माझ्या बोटाला कापलं. लाल कोटावर लाल रक्त दिसत नाही, तेवढंच बरं. एकेक बिल्ला निघाला की खालून धुळ्याच्या बँडचं पिवळं नाव निघायचं, बाहेर ऊन लागलेल्या कोटापेक्षा गडद लाल अशा लंबगोल जागेत, नुकतंच भरल्यासारखं ताजं. मी त्या माणसांकडे वर बघितलं नाही. एक तरणा मुलगा आपल्या कोटाकडे हात करून काहीतरी बोलायला लागला, त्याला मास्तरांनी नुसतं "ऱ्हाऊ दे" म्हटलं. मी बिल्ले ओच्यात गोळा करत होते. सगळे झाल्यावर मी ते घेऊन उठले, तर मास्तरांनी दोन्ही हात पुढे केले.

"टाकू नका. नाव शे."

ते त्यांनी क्लॅरोनेटच्या पेटीत, खालच्या मखमलीवर ठेवले आणि पेटी बंद केली.

वरात निघाली. फुवांनी टोपी परत घातली होती, तिच्यावरची बोंडं आता गावात फक्त त्यांच्याकडच्याच लोकांच्या डोक्यावर होती, त्यामुळे तिचा मान दुपटीने वाढला होता. वाटेत माणसं विचारत होती, कुठून केल्या टोप्या? आणि नाना सांगत होते, "मनी मोठी पोरनं काम शे." जितक्यांदा सांगत तितक्यांदा मागे वळून मला दाखवत. पुढे बँड वाजत होता. मास्तरांचे हात क्लॅरोनेटवर असल्यामुळे त्यांची छाती झाकली जात होती. ढोलवाल्यांची झाकता येत नव्हती. मारुतीच्या पारापाशी आमच्या गावच्या एका म्हाताऱ्याने त्यांच्या छातीवरचं नाव वाचलं आणि मोठ्याने म्हणाला, "धुळ्याना बँड आनेल शे! नाना, भलता खर्च करेल शे!" नाना हसले. तेही त्यांनी मानून घेतलं. व्हिडिओवाला तेव्हाच बँडसमोर उलट्या पावलांनी चालत होता, आणि ते सगळं त्या कॅसेटमध्ये आहे.

लग्न लागलं. कुणाचं काही बिघडलं नाही. बँडची पंगत नेहमीप्रमाणे सगळ्यांत शेवटी, मांडवाच्या बाहेर बसली. मी वाढायला गेले. आई म्हणाली, तू कशाला, आहेत ना माणसं. मी बुंदीचं ताट घेऊन गेले. मास्तरांनी पत्रावळीवर हात आडवा धरला आणि "बस, ताई, भरपूर व्हयनं" म्हणाले. त्यांच्या पत्रावळीवर तोपर्यंत काहीच वाढलेलं नव्हतं.

पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, धाकटी माहेरी आली तेव्हा मजेने सांगत होती, फुवा अजून प्रत्येक लग्नात तीच टोपी घालून जातात, धुऊ पण देत नाहीत. सगळे पोट धरून हसले. नाना म्हणाले, चूक झाली होती पण निभावलं आपण. मी कांदा चिरायला गेले.

लग्नाच्याच वर्षी पावसाळ्यात मी शेठला विचारून, शाळांचं काम ओसरल्यावर, नवं चित्र केलं. कुणाच्याही टोपीवर नसलेलं. यावेळी डहाळ्यांऐवजी केळीची दोन पानं, आणि क्लॅरोनेट पूर्ण लांबीचं, त्याच्या बोटांनी दाबायच्या किल्ल्यांसकट. माप जुनंच. त्या लंबगोलाचं माप मला कागद न बघता सांगता येत होतं. सगळे बिल्ले मागे बकरमचं ताठ कापड लावून, कडा बांधून तयार केले, आणि पावसाळा सरता सरता एका रविवारी घरी खोटं कारण सांगून चोपड्याची एस.टी. धरली. पुढे जीपने गेले. वाटेत ठरवत होते, काय बोलायचं. माफी मागायची, इतकंच ठरत होतं, पुढचं वाक्य सुचत नव्हतं.

मास्तर घरी होते. मला बघून गडबडले, खाट झटकली, आतून घोंगडी आणवून अंथरली. त्यांच्या घरवालीने चहा टाकला. खुंटीवर लाल कोट होता. मी बघतेय हे पाहून त्यांनी तो खाली काढून माझ्या हातात दिला. धुळ्याचं नाव निघालेलं होतं. त्यांच्या घरवालीने पावसाळाभर बसून एकेक टाका सुईने उचलून काढला होता, सगळ्या कोटांवरचा. कापड तिथे विरलं होतं, आतून दुसऱ्या कापडाचं अस्तर लावून तिने ते धरून ठेवलं होतं. वर काहीच नव्हतं. फक्त माझ्या बिल्ल्याच्या आकाराचा तो गडद लाल लंबगोल, आणि त्याच्या कडेने माझ्या सांगण्यावरून घेतलेल्या दुहेरी टिपेची भोकं.

मी पिशवीतून नवे बिल्ले काढले आणि खाटेवर मांडले. ठरवलेलं एकही वाक्य आलं नाही. "मास्तर, त्या दिवशी..." म्हटलं आणि रडायला लागले. एवढी मोठी बाई, परक्याच्या खाटेवर बसून. त्यांच्या घरवालीने चहाचा कप माझ्या हातात दिला आणि शेजारी बसली.

मास्तरांनी एक बिल्ला उचलून उजेडात धरला. सगळ्या किल्ल्या आहेत का ते मोजल्यासारखं बोट फिरवलं. "बठ्ठ्या शेतस," ते म्हणाले, खूश होऊन. "भलतं चांगलं करेल शे, ताई."

"मी लावून देऊ?" मी विचारलं. "सुईदोरा आणलाय."

त्यांनी बिल्ला खाली ठेवला. मग त्यांनी पेटी काढली, उघडली. आत मखमलीवर जुने बिल्ले तसेच होते, पांढऱ्या बोंडांचे, कडेला तुटलेले दोरे लोंबत असलेले. त्यांवर त्यांनी नवे एकेक करून नीट रचले.

"कोटवर नको, ताई. साधा कोट बरा शे. लगीनमा कोन कसा राही, सांगता येस का?"

मी मान हलवली. मला वर बघवेना. मी म्हटलं, मग हे असेच पेटीत पडून राहणार का?

"नहीं नहीं," ते म्हणाले. मला वाईट वाटू नये म्हणून ते हसलेसुद्धा. "मना नातूना लगनमा लावसूत ना. तठे फुवा आमनाच राही."

त्यांची घरवाली हसली, मलाही हसू आलं, आणि त्याच हसण्यात मी कपात तोंड घातलं ते चहा संपला तरी काढलं नाही. नातू तेव्हा अंगणात रांगत होता.